कटर किती फुटी घ्यावा?

आमच्या ट्रॅक्टरला गवत कापायचा कटर घ्यायचा, हे एका वाक्यात ठरलं. वाक्य बायकोचं होतं, म्हणून एक पुरलं.

"अहो, मागचं रान तेवढं तुम्ही साफ करून घ्या, बाकी सगळं मी बघते," असं ती म्हणाली आणि खिडकीच्या पडद्यांची मापं घ्यायला निघून गेली.

'बाकी सगळं' हे प्रकरण साधं नव्हतं. बायकोने आयुष्यभर दुसऱ्यांच्या शाळांमधून लहान मुलांना शिकवलं. आता नोकरी सोडून ती आमच्याच घरात, खालच्या दोन खोल्यांत स्वतःचा शिशुवर्ग काढणार होती. त्यासाठी खोल्यांना रंग देऊन झाला होता. माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर नळ बसले होते आणि भिंतीला, मुलांचा हात पोचेल अशा बेताने, पिशव्या अडकवायचे हूक लागले होते. रोज सकाळी दाढी करताना मी टॉवेल सवयीने वरच्या हूकला लावायला जाई आणि तो जमिनीवर पडे, कारण वरचे हूक आता राहिलेच नव्हते.

एकच गोष्ट बाकी होती. शाळा तपासणाऱ्या कार्यालयाचा नियम असा की मुलांना खेळायला मोकळं मैदान हवं आणि त्यातलं गवत घोट्याच्या वर असता कामा नये. आमच्या घरामागे मैदान होतं. त्यातलं गवत माझ्या छातीला लागत होतं. खरं सांगायचं तर तिथे मैदान आहे हे आम्ही ऐकून होतो, पाहिलेलं कुणीच नव्हतं.

ट्रॅक्टर मात्र होता. माझ्या मेहुण्याला मध्यंतरी शेतीचा झटका आला होता. त्या झटक्यात त्याने एक छोटा ट्रॅक्टर घेतला, आणि झटका ओसरल्यावर परगावी नोकरीला जाताना, लोक मांजर शेजाऱ्यांकडे ठेवून जातात तसा तो आमच्याकडे ठेवून गेला. मोठ्या ट्रॅक्टरचं धाकटं भावंड असावं असं ते ध्यान. मी त्याला अधूनमधून सुरू करून अंगणात पुढे नेत असे. मागे आणत नसे. मागे आणणं मला जमत नव्हतं, पण ही गोष्ट माझी आणि ट्रॅक्टरची खाजगी होती.

मी नुकताच पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालो होतो. निवृत्त माणसाला घरात काम सोपवलं जातं ते बहुधा पिशवी धरण्याचं. इथे तर मला यंत्र निवडायचं होतं. मी चष्मा पुसला आणि अभ्यासाला बसलो.

हा रोटरी कटर म्हणजे काय, हे मी थोडक्यात सांगतो, कारण मला ते कुणी थोडक्यात सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टरच्या मागे एक जाड लोखंडी झाकण जोडायचं. झाकणाखाली जड पाती असतात. इंजिनाची ताकद एका दांड्यातून त्या पात्यांपर्यंत जाते, पाती गरगर फिरतात, ट्रॅक्टर पुढे जातो आणि मागे गवत आडवं होत जातं. सगळं शास्त्र एवढंच. प्रश्न एकच उरतो: झाकण किती रुंद घ्यावं?

हा प्रश्न मी चुकून कुंपणाजवळ उभा राहून मोठ्याने उच्चारला.

आमच्या डाव्या बाजूला कर्नल राहतात. ते सैन्यात कधीच नव्हते. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. पण त्यांच्या मिशा पाहून पूर्वी कुणीतरी त्यांना कर्नल म्हटलं आणि त्यांनी ते पद विनातक्रार स्वीकारलं. उजव्या बाजूला डेंटिस्ट राहतो. दोघांच्या मध्ये आमचं घर असल्यामुळे त्यांचं एकमेकांशी जे काही बोलणं होतं ते माझ्या डोक्यावरून होतं.

"सहा फूट," कर्नल म्हणाले. "वस्तू एकदाच घ्यायची आणि मोठी घ्यायची."

"चार," पलीकडून डेंटिस्ट म्हणाला. "लहान हत्यार कोपऱ्यात शिरतं. मोठं हत्यार घेतलं की हिरडी फाटते."

"गवताला हिरडी नसते, डॉक्टर."

"मुळं असतात ना? मग हिरडी आहेच."

"सहा फुटीने दोन फेऱ्यांत काम आटपेल."

"आणि उरलेलं आयुष्य तो उचलण्यात जाईल."

मी दोघांचे आभार मानून घरात आलो. तरी ते पुढे बराच वेळ बोलत होते. माझी जागा रिकामी झाली आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

शेवटी यंत्रांच्या दुकानात गेलो. दुकानदार हा अत्यंत सज्जन माणूस. त्याला कुणाचंही मन मोडवत नसे, अगदी यंत्राचंसुद्धा.

"चार फुटी घेऊ की सहा फुटी?" मी विचारलं.

"चार फुटी चांगला आहे."

"म्हणजे चार घेऊ?"

"घ्या ना. सहाही वाईट नाही हं."

"पण माझा ट्रॅक्टर छोटा आहे."

"छोट्याला छोटा बरा."

"ठरलं मग. चार."

"रान केवढं आहे?"

"रान मोठं आहे."

"मोठ्याला मोठा बरा," तो हळहळून म्हणाला.

असं आमचं बरंच चाललं. मी कुठल्याही बाजूला झुकलो की तो माणूस मला आधार द्यायला माझ्याच बाजूला येत होता. मग एकाएकी त्याला सुटल्यासारखं झालं. "पण साहेब, तुम्ही गावाच्या हद्दीत राहता. हद्दीत हे यंत्र चालवायचं तर ना-हरकत दाखला लागतो. आधी तो आणा. मग आपण निवांत ठरवू."

दाखला जिथे मिळतो त्या कचेरीत मी एकटाच जाणार होतो. पण कर्नल म्हणाले, "मी येतो. सरकारी माणसाशी सरकारी माणसानेच बोलावं." मीही सरकारी माणूसच होतो, पण पाण्याचा. कर्नलांच्या मते त्यात वजन नव्हतं.

खिडकीपलीकडच्या बाईंनी अर्ज वाचला आणि पेन उघडलं. "कटर किती फुटी?"

"अजून घेतला नाही."

"मग दाखला कशाचा देऊ?"

"दाखल्याशिवाय दुकानदार देत नाही."

"बरोबरच आहे त्यांचं."

"पण दाखला मिळाल्याशिवाय मी घेणार कसा?"

"घेतल्याशिवाय रुंदी कळणार कशी?"

यात कुणाचंच काही चुकत नव्हतं, हीच अडचण होती. मी विचार करायला एक क्षण थांबलो. सरकारी खिडकीसमोर विचार करायला कधी थांबू नये. माझ्या खांद्यामागून खणखणीत आवाज आला, "सहा!"

बाईंनी सहा लिहिलं आणि शिक्का मारला.

"अहो बाई, ते यांचं मत आहे," मी म्हणालो. "माझं अजून ठरायचंय."

"आता शिक्का बसला. बदलायचं तर नव्याने अर्ज करा, मग आमचा माणूस पाहणीला येईल."

"कधी?"

बाईंनी खिडकीबाहेर, आभाळाकडे पाहिलं. तो माणूस येईल त्याच्या कितीतरी आधी आमच्या शिशुवर्गाची तपासणी ठरलेली होती.

अशा रीतीने आमच्या कटरची रुंदी ठरली. पुढे लोकांनी मला विचारलं की तुम्ही सहा फुटी का निवडलात, तेव्हा मी रानाचा आकार, गवताची जात, असं काहीबाही सांगत आलो. दुकानदाराला दाखला दाखवला तेव्हा त्याचे डोळे पाणावले. "बरं झालं," तो म्हणाला, "कुणीतरी ठरवलं."

कटर ट्रकमधून आला त्या सकाळी गल्लीतले बरेच लोक जमले. कागदावर सहा फूट म्हणजे एक आकडा असतो. ट्रकमध्ये ते एखाद्या छोट्या पुलासारखं दिसत होतं. आमचा ट्रॅक्टर शेडमधून त्याच्याकडे पाहत होता, आणि मला त्याची नजर टाळावीशी वाटली.

फाटकातून तो आत जाईल का, हे कर्नलांनी आदल्या दिवशीच जातीने मोजून ठेवलं होतं. "आरामात जाईल," ते म्हणाले होते. "दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा आहे." आता ट्रकवरच्या क्रेनच्या साखळीला टांगलेला कटर फाटकाशी आला आणि दोन्ही बाजूंना अडकला. हात सोडा, तिथे पोस्टकार्डही गेलं नसतं.

"थोडं डावीकडे!" कर्नल ओरडले.

"उजवीकडे!" डेंटिस्ट ओरडला.

ट्रकवाल्याने दोघांचा मान राखला. कटर आधी डावीकडे झुलला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि या खेपेस फाटकाचा डावा खांब घेऊन गेला. तो खांब कर्नलांच्या भिंतीत बसवलेला होता. त्यामुळे भिंतीचा मोठा तुकडाही सोबत आला. त्या तुकड्यावर कर्नलांचा वेल होता. दर संध्याकाळी कर्नल एक एक पान पुसत असत, तो वेल.

धूळ खाली बसली. कटर आत आला होता, हे खरं तर यश होतं. पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कर्नल त्या वेलाकडे पाहत राहिले, मग आत गेले आणि दार लावून घेतलं.

"मी म्हटलं नव्हतं?" डेंटिस्ट म्हणाला. जगातलं कुठलंही वाक्य यापेक्षा कमी उपयोगाचं नाही.

त्या दिवसापासून कर्नल माझ्याशी बोलेनासे झाले. म्हणजे बोलत, पण माझ्याशी नाही. मी अंगणात आलो की ते हवेला उद्देशून म्हणत, "काही लोकांना दुसऱ्याच्या भिंतीची किंमत नसते." हवा काही उत्तर देत नसे, आणि मीही देत नसे.

कटर ट्रॅक्टरला जोडताना कळलं की मधला दांडा फार लांब आहे. तो आपापल्या ट्रॅक्टरच्या मापाने कापून घ्यायचा असतो. मी माप घेतलं आणि वेल्डरकडून दांडा कापून आणला. ते माप मी कटर जमिनीवर असताना घेतलं की विटांवर टेकवलेला असताना, याबद्दल घरात आजही दोन मतं आहेत. मी त्यातल्या एका मताचा आहे. काहीही असो, कटर जरा खाली येताच दांडा मधून निसटून जमिनीवर पडला. नवा दांडा मागवला. तो यायला वेळ लागला. गवत तेवढ्यात माझ्या खांद्याला आलं.

नवा दांडा बरोबर बसला. मी ट्रॅक्टरवर बसलो, इंजिन सुरू केलं आणि कटर उचलायची दांडी हळूच ओढली.

कटर उचलला गेला नाही. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली.

हे इतक्या सावकाश आणि शांतपणे झालं की मला आधी वाटलं, शेडचं छप्पर खाली येतंय. मग छप्पर गेलं आणि आकाश आलं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून एका ढगाकडे पाहत राहिलो.

बायको कपडे वाळत घालायला बाहेर आली. तिने मला पाहिलं.

"अहो, वर काय बघताय?"

"काही नाही. वजन जरा मागे पडतंय."

"खाली कधी येणार?"

"दांडी सोडली की येईन."

"मग सोडा ना!"

सोडली. चाकं धप्पकन खाली आली, माझे दात एकमेकांवर आपटले, आणि कुंपणापलीकडून डेंटिस्टने विचारलं, "दुखतंय का कुठे?" मला वाटतं त्याने ते व्यवसायाच्या दृष्टीने विचारलं.

तपासणीच्या आदल्या दुपारी मी पाण्याला म्हणून खालच्या खोलीत गेलो, तर बायको तिथे एका पिटुकल्या खुर्चीत बसली होती. मुलांसाठी आणलेल्या त्या खुर्च्यांत मोठं माणूस बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. ती तशीच बसून समोरच्या हुकांकडे बघत होती. प्रत्येक हुकावर तिने एक चित्र चिकटवलं होतं. कुठे छत्री, कुठे ससा, कुठे बोट. वाचता न येणाऱ्या मुलाला आपला हूक ओळखता यावा म्हणून.

"मी तारीख पुढे ढकलून घेते," ती म्हणाली.

"ढकलली तर?"

"तर या वर्षी वर्ग नाही. ज्यांनी नावं घातलीत ते दुसरीकडे जातील. थांबतील कशाला?" मग माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "तुमची काही चूक नाही हो. मी विळेवाल्यांनाही विचारलं. त्यांनाही महिनाभर सवड नाही."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या बायकोशी कसं वागावं हे मला चांगलं ठाऊक आहे. पण ती माझी समजूत घालत होती. स्वतःचं होऊ घातलेलं मोडत असताना, त्या सशाच्या चित्राखाली बसून, माझी समजूत घालत होती. मी पाणी न पिताच बाहेर पडलो.

कर्नल पडक्या भिंतीशी उकिडवे बसून वेलाला सुतळीने काठी बांधत होते.

"काही लोक..." त्यांनी सुरुवात केली.

"कर्नल, चूक झाली," मी म्हणालो. "भिंत मी बांधून देतो. वेलाचं मला काही कळत नाही, पण सांगाल ते करतो. मला फक्त उद्या दुपारच्या आत ते गवत कापायचंय. माझ्यासाठी नाही, हिच्यासाठी."

कर्नलांनी सुतळीची गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली.

"फाटकाचं माप मी कापडी टेपने घेतलं होतं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "जुनी टेप. ताणली गेलीय ती. घरी येऊन लोखंडी पट्टीवर धरून पाहिली. आयुष्यभर मी दुकानदारांच्या असल्या टेपा जप्त केल्या." त्यांचा आवाज बसला होता. "कुणाला सांगू नका."

"नाही सांगत."

(आता सांगतोय ते त्यांच्या परवानगीने. परवानगी त्यांनी तोंडी दिली आहे.)

मग आम्ही दोघं तिथेच बसलो. इतके दिवस ते भिंतीवर रागावले नव्हते, टेपेवर रागावले होते. आणि टेपेला तसं सांगता येत नाही, म्हणून मला सांगत होते.

"पुढे वजन पाहिजे," शेवटी कर्नल उठत म्हणाले. "मागे जड आहे तर पुढेही जड करायचं. साधी तराजूची गोष्ट आहे."

विटांची पोती बांधून पाहिली, ती घसरली. पाण्याचं पिंप बांधलं, ते गळलं. आमची खटपट कुंपणावरून पाहणाऱ्या डेंटिस्टला अखेर राहवलं नाही. "माझ्या गॅरेजमध्ये जुनी पेशंटची खुर्ची पडलीय," तो म्हणाला. "अस्सल लोखंडाची. ती हलवायची म्हणजे चार माणसं लागतात, म्हणून तर पडलीय."

ती खुर्ची आम्ही संध्याकाळी ट्रॅक्टरच्या नाकावर साखळ्यांनी बांधली. ट्रॅक्टर आता दात काढून घ्यायला निघाल्यासारखा दिसत होता. मी दांडी ओढली. पुढची चाकं उचलली गेली, पण या खेपेस जेमतेम वीतभर, आणि जराशी नाराजीने.

"थोडंच कमी पडतंय," मी म्हणालो.

"किती?" कर्नलांनी विचारलं.

डेंटिस्टने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्याएवढं."

कर्नलांनी मिशीवरून हात फिरवला. मग ते चाकावर पाय देऊन वर चढले आणि त्या खुर्चीत, पाठ सरळ ठेवून, बसले. कटर अलगद जमिनीवरून उचलला गेला. चारही चाकं खाली राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर आम्ही कामाला लागलो. तपासणी दुपारी होती. मी ट्रॅक्टरवर, कर्नल पुढे खुर्चीत, आणि डेंटिस्ट लांब काठी घेऊन गवतात दगडधोंडे चाचपत बाजूने. कर्नल खुर्चीतून "पुढे... पुढे... डावीकडे घ्या!" असं सांगत होते. माझ्यासमोर त्यांची पाठ आल्यामुळे मला पुढचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे ते आवश्यकच होतं.

पहिला पट्टा पडला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मघापर्यंत जिथे खांद्याएवढं गवत होतं तिथे आता लांबच लांब जमीन होती, आणि तिच्यावर हिरवा ओला वास तरंगत होता. आयुष्यभर मी कागद इकडून तिकडे हलवले. कागद हलवून झाल्यावर मागे वळून बघावं असं तिथे काही नसायचं.

एवढ्यात मागून फट् असा आवाज झाला, हिरव्या रबराचे तुकडे हवेत उडाले आणि पाती थांबली.

"माझी नळी!" कर्नल खुर्चीत उठून उभे राहिले. "बागेची! केव्हापासून शोधतोय!"

"आणि ती मी नेली असं गल्लीभर सांगत होतात," डेंटिस्ट म्हणाला.

"सापडली ना आता? म्हणजे तुम्ही नेली नव्हती," कर्नल मोठ्या मनाने म्हणाले. "मी तुम्हाला निर्दोष ठरवतो."

दांड्यातला एक छोटा बोल्ट तुटला होता. कटरमध्ये काही अडकलं तर यंत्र मोडू नये म्हणून हा बोल्ट आधी तुटतो. तो तुटण्यासाठीच बसवलेला असतो. प्रत्येक घरातही असा एक असतो. आमच्या घरात तो मी आहे. डेंटिस्टने त्याच्या बारीक चिमट्याने बोल्टचा अडकलेला तुकडा इतक्या नाजूकपणे काढला की कर्नलसुद्धा "वा" म्हणाले. नवा बसवला आणि पुन्हा निघालो.

पट्टे सरळ येत नव्हते. कर्नलांचं डावं आणि माझं डावं यांत किंचित फरक होता. पण गवत पडत होतं. पडता पडता फक्त लांबचा एक कोपरा उरला, दोन बाजूंनी भिंती जवळ आलेला. त्यात शिरायचं तर ट्रॅक्टर मागे घेत शिरायला हवं होतं. मी इंजिन चालू ठेवून त्या कोपऱ्याकडे बघत बसलो. आमचं ते खाजगी प्रकरण आता उघड्यावर येणार होतं.

त्याच क्षणी मोडक्या फाटकातून तपासणीच्या बाई आत आल्या. ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी.

बायको फाइल छातीशी धरून धावत आली. बाई मात्र तिच्याकडे पाहत नव्हत्या. त्या खुर्चीकडे पाहत होत्या. कर्नलांनी बसल्या जागी सलाम ठोकला.

"ही मुलांसाठी आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही, नाही!" आम्ही चौघंही एकदम म्हणालो.

बाई कमी बोलणाऱ्या, मळकट बुटांच्या, दमलेल्या चेहऱ्याच्या होत्या. त्यांनी खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिले. हुकांपाशी त्या थोड्या जास्त थांबल्या, असं मला बाहेरून खिडकीतून वाटलं. मग बाहेर येऊन त्यांनी सगळं मैदान पायांनी फिरून पाहिलं. कोपऱ्याशी आल्यावर थांबल्या.

"हे राहिलंय."

"तेवढंच," बायको म्हणाली.

"तेवढंही राहता येत नाही. मला सही करायची तर मैदान पूर्ण हवं. नियम माझा नाही." मग माझ्याकडे वळून, "ट्रॅक्टर मागे घेत आत जा ना. होऊन जाईल."

मी कर्नलांकडे पाहिलं. कर्नलांनी डेंटिस्टकडे पाहिलं. मदत कुठूनच येण्यासारखी नव्हती.

"मला मागे घेता येत नाही," मी म्हणालो.

"काय?"

"पुढे येतो. मागे नाही येत."

इतक्या माणसांत, इंजिनाच्या आवाजावर मात करत, हे मी ओरडून सांगितलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिला हे नवीन होतं.

बाईंनी थोडा वेळ विचार केला. मग त्यांनी आपली बॅग आणि कागद बायकोच्या हातात दिले, बाह्या वर सारल्या आणि मला म्हणाल्या, "उतरा."

"तुम्हाला येतो?"

"वडिलांचा ट्रॅक्टर मी शाळेत असल्यापासून चालवतेय. आता आम्ही भावंडांनी असाच छोटा घेतलाय. त्याला कटर किती फुटी घ्यावा यावरून घरात भांडणं चाललीत. मला एकदा सहा फुटी चालवून बघायचाच होता."

मी उतरलो. कर्नलही उतरू लागले.

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "तुमच्यावरच तर सगळं उभं आहे."

कर्नल इतके ताठ बसलेले मी कधीच पाहिले नव्हते. बाईंनी मान मागे वळवली, एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि ट्रॅक्टर लोण्यात सुरी जावी तसा मागे, थेट कोपऱ्यात नेला. पुढे आल्या, पुन्हा मागे गेल्या. भिंतीला कुठे ओरखडासुद्धा नाही. तिसऱ्या खेपेला त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा शीण गेला होता. कोपरा संपला तरी त्या थांबल्या नाहीत. आमचे वाकडे पट्टे जिथे जिथे सुटले होते तिथून एक एक सरळ फेरी मारून आल्या, आणि पुढे खुर्चीत कर्नल, मिशा वाऱ्यावर, सगळ्या मैदानाची पाहणी करत होते. बायको ओठांवर हात दाबून हसू आवरायला बघत होती, पण फाइल गदगदा हलत होती.

बाई खाली उतरल्या. तापलेल्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली.

"उचलतो छान," त्या म्हणाल्या, "पण आमच्याकडे पुढे बसायला असं कुणी नाही. आम्हाला चारच बरा." आणि कर्नलांना नमस्कार करून त्या गेल्या.

डेंटिस्ट काहीतरी बोलणार होता. कर्नलांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि भिंत कुठून बांधायला घ्यावी ते दाखवायला त्याला घेऊन गेले.

मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. बायकोने चपला काढून पायरीपाशी ठेवल्या आणि ती कापलेल्या गवतावरून चालत थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. तिथून तिने वळून पाहिलं. इतकी वर्षं आम्ही त्या घरात राहतो, पण तिथून आमचं घर तिने कधी पाहिलं नव्हतं.

"अहो," ती तिकडून ओरडली, "केवढं मोठं आहे हो हे!"

"मग!" मी म्हणालो. "सहा फुटी घेतला, म्हणून."